जुन्या डिझेल टेम्पोचा कॅट पुन्हापुन्हा चोक होतो तेव्हा

रिकामी गाडी बरी पळते. कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डातून निघाली की मात्र तिसऱ्या गिअरच्या वर जीव धरत नाही. तुळजापूरचा घाट दुसऱ्यावर चढावा लागतो, ॲव्हरेज लिटरमागे दीड-दोन किलोमीटरने उतरलेले असते आणि गाडी थांबवून खाली वाकले की डब्याची झळ तोंडाला लागते. गॅरेजमध्ये निदान होते ‘कॅट चोक’, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा चोंदला. नवा डबा बसतो, पाच-सहा महिने गाडी सुधारते आणि पुन्हा तेच रडगाणे.

दुसऱ्यांदा चोक झालेला कॅट तिसऱ्यांदा नुसता बदलून काही साधत नाही. कॅट आपणहून चोंदत नाही, त्याला चोंदवणारा पुढे इंजिनात किंवा टर्बोत बसलेला असतो आणि नव्या डब्यालाही तोच खातो. म्हणून तपास दोन टप्प्यांचा: आधी डबा खरोखर चोक आहे का ते आकड्याने ठरवायचे, मग आतल्या जाळीवर काय साचले आहे ते बघून मूळ शोधायचे.

इथले आकडे भारत स्टेज चार या प्रदूषण-नियमाच्या, चार सिलिंडर, टर्बो आणि कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल फवारणी) असलेल्या हलक्या ट्रकसाठी आहेत. अशा गाडीत टर्बोनंतर डिझेल ऑक्सिडेशन कॅटचा एकच डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ थर. जाळी साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसला तापली की कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले डिझेल आणि काजळीला चिकटलेला तेलकट भाग जळायला लागतो. कोरडी काजळी मात्र हा डबा जाळत नाही, ती फक्त आरपार जाऊ देतो. हे नीट लक्षात घेतले की पुढचे बरेचसे कोडे सुटते.

बिघाडाच्या दोन जाती आहेत आणि गॅरेजमध्ये त्या सर्रास एकात मिसळल्या जातात. एक, थर निकामी होणे: जाळी मोकळी आहे, पण काम करत नाही. यात गाडीचा दम अजिबात कमी होत नाही. सकाळी चालू करताना डोळ्यांना झोंबणारा वास येतो, एवढेच. सोलापुरात भारत स्टेज चार १ एप्रिल २०१० ला मोजक्या शहरांसोबत आले, देशभर लागू व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडले. त्यामुळे त्या काळातली गाडी इथे ५० पीपीएम गंधकाचे डिझेल भरायची आणि विजयपूर-कलबुर्गीकडे गेली की ३५० पीपीएमचे. गंधकाने थर मंदावतो. पण मंदावणे वेगळे, चोंदणे वेगळे. दुसरी जात म्हणजे चोंदणे किंवा जाळी फुटून आडवी होणे. दम जातो तो यातच.

पीयूसी पास झाली म्हणून कॅट चांगला, असेही समजू नका. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. भारत स्टेज चारला मर्यादा १.६२ प्रति मीटर, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. थर पूर्ण मेलेला कॅटही ही परीक्षा सहज पास होतो. डॅशबोर्डवरच्या चेक इंजिनच्या दिव्यावरही विसंबू नका. या वयाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत कॅटच्या मागे त्याची कार्यक्षमता तपासणारा सेन्सरच नसतो. चोक कॅटमुळे कधी पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी, हा बिघाडाचा कोड येतो आणि मग बिचारा टर्बो बदलला जातो.

डब्याला हात लावण्यापूर्वी

दम जाण्याची स्वस्त कारणे आधी बाद करा. अर्ध्या तासाचे काम आहे.

एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट पाकळीने मिटवून गाडी आवरणारा ब्रेक, असेल तर पहिला संशय त्याच्यावर. पाकळी काजळीने जाम होऊन अर्धी मिटलेली राहिली की लक्षणे हुबेहूब चोक कॅटची येतात. इंजिन बंद ठेवून लिव्हर हाताने हलवा. पाकळी पूर्ण उघडून आपोआप जागेवर यायला हवी. ही एक पाकळी न बघता डबा बदलल्याची चूक इतकी नेहमीची आहे की तिची पाटी गॅरेजच्या भिंतीवर लावावी.

मग एअर फिल्टर. उसाच्या फडात आणि गिट्टीच्या खाणीवर चालणाऱ्या गाडीत सर्व्हिसच्या ठरल्या किलोमीटरवर थांबू नका, काढून बघा. डिझेल फिल्टर आणि त्यातले पाणी. इंटरकूलरच्या रबरी पाइपला चीर: रेस दिल्यावर ‘फुस्स’ आवाज आणि चिरेभोवती तेलाचा ओशट डाग. शेवटी चारही चाके जॅकवर हाताने फिरवा, ब्रेक धरून राहिला असेल तर तिथेच कळेल.

धुराचा रंगही थोडे सांगतो. डिझेल कमी पडत असेल तर गाडी ओढत नाही, पण धूरही नसतो. हवा कमी पडत असेल तर काळा धूर. चोक कॅटमध्ये जुन्या यांत्रिक पंपाची गाडी काळा धूर ओकते. कॉमन रेलचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मात्र हवा कमी दिसली की डिझेल आवरतो, म्हणून धूर न वाढताही दम जातो. या फरकामुळे ‘धूर नाही, म्हणजे कॅट ठीक’ हा जुन्या मिस्त्रींचा हिशेब कॉमन रेलवर चुकतो.

गार डब्यावर रबरी हातोडीने टिचकी मारा. आत खडखडले तर जाळी सुटली किंवा फुटली आहे, तिथे पुढची मापे घ्यायचीही गरज नाही. गाडी कधी चांगली, कधी एकदम बसते आणि खड्ड्यात आदळल्यावर फरक पडतो, हे लक्षणही फुटक्या जाळीचेच. तुकडा आत हलतो आणि कधी तोंड झाकतो, कधी मोकळे करतो.

गवंड्याच्या लेव्हल नळीने बॅक प्रेशर

खरा निकाल बॅक प्रेशरच देतो, म्हणजे वाट अडल्यामुळे धुराचा कॅटच्या आधी साचणारा दाब. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणि पाणी पुरते. १०० सेंटिमीटर पाण्याचा फरक म्हणजे जवळपास ०.१ बार.

टर्बोनंतर आणि कॅटच्या आधी तपमान सेन्सरची जागा असेल तर तोच सेन्सर काढून नळी जोडा. नसेल तर पाइप उतरवून, भोक पाडून एम १८ × १.५ आट्याचा नट वेल्ड करून घ्या. ऑक्सिजन सेन्सरचा असा नट आणि त्याचा बंद करायचा बोल्ट स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. पाइप गाडीवर असतानाच भोक पाडले तर लोखंडाचा कीस आत पडून थेट जाळीच्या तोंडावर बसतो. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढा.

नटात निपल, निपलला किमान एक मीटर तांब्याची नळी, तिला दोन-तीन वेटोळी. गरम धूर तिथे निवतो, नाहीतर प्लॅस्टिकची नळी पाच मिनिटांत वितळते. पुढे पारदर्शक नळी अडीच मीटर उंच फळीवर इंग्रजी ‘यू’सारखी बांधा आणि अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एका बाजूचे पाणी ४० सेंटिमीटर खाली आणि दुसऱ्या बाजूचे ४० वर गेले, तर फरक ८० धरायचा. नुसते ४० वाचण्याची चूक हमखास होते.

इंजिन पूर्ण गरम करून मापे घ्या. आयडलला फरक ५ ते १० सेंटिमीटरच्या आत असतो. जागेवर पूर्ण रेस धरल्यावर चांगली गाडी साधारण २० ते ४० दाखवते. ७०-८० च्या वर गेले तर वाटेत अडथळा आहे, आणि पाणी उसळून नळीबाहेर आले तर विचारायलाच नको. हे ढोबळ आकडे आहेत. तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

जागेवरची रेस अर्धवट चोक पकडत नाही. रिकाम्या रेसवर टर्बो नीट भरतच नाही, त्यामुळे नळीतून जाणारा धूर भरल्या गाडीच्या मानाने निम्म्याहूनही कमी असतो. ‘गॅरेजमध्ये ठीक, घाटात बसते’ असली तक्रार असेल तर ० ते १ बारचा छोटा गेज जोडून रबरी नळी केबिनमध्ये घ्या, माल भरा आणि तुळजापूरच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या आसपास पूर्ण पाय दाबून आकडा बघा. वाचायला दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याने गेजकडे बघायचे नाही. या वर्गाच्या गाडीत ०.१ ते ०.१५ बार सोसण्यासारखे. ०.२५-०.३ दिसले तर निदान पक्के.

आता अडथळा कॅटमध्ये की मागच्या सायलेन्सरमध्ये? कॅटच्या मागचा फ्लँज सैल करून दोन बोटे फट पाडा आणि तेच माप पुन्हा घ्या. दाब तसाच राहिला तर कॅट दोषी. धाडकन उतरला तर सायलेन्सरच्या आतला पत्रा गळून आडवा झाला आहे, किंवा कॅटच्या फुटलेल्या जाळीचे तुकडे तिथे जाऊन बसलेत. दुसऱ्या शक्यतेत दोन्ही डबे उघडावे लागतात. ही चाचणी उघड्यावर करा. फटीतून निघणारा धूर वायरिंगवर आणि ब्रेकच्या पाइपवर जाऊ नये म्हणून मध्ये पत्रा धरा आणि खाली वाळले गवत किंवा उसाचे पाचट असेल तर जागा बदला.

तपमानाच्या बंदुकीबद्दल

‘कॅटच्या मागची बाजू पुढच्यापेक्षा गरम असली तर कॅट चालू’ हा नियम पेट्रोल गाड्यांचा आहे. डिझेलच्या धुरात जाळण्यासारखे मुळात कमी असते, त्यामुळे चांगल्या डब्यातही फरक दिसेलच असे नाही. उलट मागची बाजू ठळकपणे जास्त तापली तर आनंद मानू नका: इंजेक्टर डिझेल गाळत असेल तर ते कॅटमध्ये जळते आणि तसेच दिसते. आणखी एक फसवणूक. चकचकीत स्टीलवर बंदूक चुकीचे, बहुधा कमी तपमान दाखवते. मापायच्या दोन्ही जागी उष्णता सोसणारा काळा मॅट रंग लावा, मगच तुलना करा. आणि ती दुय्यम पुरावा म्हणूनच.

उतरवलेली जाळी वाचणे

हा भाग घाईत उरकला जातो आणि पुन्हा चोक होण्याचे मूळ कारण नेमके इथेच हातातून निसटते. डबा उतरवताच भंगारात टाकू नका. एका तोंडाला टॉर्च धरून दुसऱ्या तोंडातून बघा. नळ्या सरळ असतात, मोकळ्या असतील तर उजेड चाळणीसारखा दिसतो. तो कुठे दिसत नाही त्याचा फोटो घ्या आणि मग इंजिनाकडच्या तोंडाला बोट लावा.

कोरडी, मऊ, काळी काजळी आणि मागचे तोंड बऱ्यापैकी स्वच्छ: हवा-डिझेलचे प्रमाण बिघडले आहे किंवा गाडी फार वेळ आयडलला उभी राहते. ओली, चिकट, काळी राड आणि टर्बोच्या बाहेरच्या पाइपातही ओल: ऑइल येते आहे. बोटाने चोळल्यावर डिझेलचा वास आला तर इंजेक्टर. राखाडी-पांढरी पूड, फुंकर मारली तर उडणारी: वर्षानुवर्षे जळालेल्या ऑइलची राख. पांढरट, घट्ट खपली आणि रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होणे: ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) चा कूलर फुटला आहे. काचेसारखी वितळलेली जाळी म्हणजे न जळालेले डिझेल आत पेटले. चिनीमाती वितळायला हजाराच्या कितीतरी वर तपमान लागते, तिथे कारण न शोधता नवा डबा लावणे म्हणजे पैसे चुलीत घालणे. तोंड स्वच्छ पण जाळी तडकलेली असेल तर हँगरचे रबर तुटले आहे का आणि इंजिनाचे माउंटिंग बसले आहे का ते बघा, इंजिनाचे हादरे थेट डब्यावर येत असतात.

चोंदवणारा कोण

ऑइल दिसले तर टर्बोवर लगेच शिक्का मारू नका. टर्बोचे सील ठीक असूनही दोन कारणांनी ऑइल बाहेर येते: टर्बोतून चेंबरकडे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भागाकडे, परत येणारा पाइप आतून कोळशाने बारीक होतो, किंवा ब्रीदर, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणारी वाट, चोक होऊन चेंबरमध्ये दाब वाढतो. परतीचा पाइप उतरवा, आतून तार घाला, पूर्ण व्यासाचा मोकळा हवा. ब्रीदर बघण्यासाठी आयडलला ऑइल भरायचे झाकण काढून नुसते ठेवा. थोडे थरथरणे चालते, उडाले तर रिंगा घासल्या आहेत किंवा ब्रीदर बंद आहे. मग टर्बोचा शाफ्ट: बाजूला किंचित हालचाल चालते, पंख कवचाला घासल्याच्या खुणा चालत नाहीत. पुढेमागे ओढल्यावर हालचाल जाणवली तर टर्बो काढा. ऑइलचा खप लिहून ठेवा. १,००० किलोमीटरला अर्ध्या लिटरच्या वर टॉपअप लागत असेल तर आधी तो थांबवा, कॅट नंतर.

इंजेक्टरसाठी परतीच्या नळीची चाचणी. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा, गरम इंजिन दोन मिनिटे आयडलला चालवा. एका बाटलीत इतरांच्या दुपटीने डिझेल जमले तर तो इंजेक्टर बाजूला काढा. पण ही चाचणी आतली गळती दाखवते, नोझल थेंब टाकते का ते नाही. त्यासाठी सगळे इंजेक्टर टेस्ट बेंचवर लावून फवारा बघावाच लागतो. सकाळी चालू करताना पांढरा-निळसर धूर आणि कच्च्या डिझेलचा वास असेल तर बेंच टाळू नका. इंजेक्टर चांगले निघाले तर कॉम्प्रेशन: सिलिंडरांमध्ये ३ ते ४ बारपेक्षा जास्त फरक नको.

ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर जळालेला धूरच परत इंजिनात फिरतो, काजळी वाढते आणि ती कॅटच्या तोंडावर बसते. व्हॉल्व्ह काढून बैठकीवरचा कोळसा साफ करा, इलेक्ट्रिक मोटरच्या भागात क्लीनर जाऊ देऊ नका. पत्रा टाकून ईजीआर बंद करण्याचा सल्ला हटकून मिळेल. त्याने कोड येतो, काही गाड्या दमच मर्यादित करतात आणि ते बेकायदा तर आहेच.

आता वापर. आयडलला धूर १००-१५० अंशांवरच राहतो, कॅट कधी पेटतच नाही आणि तेलकट काजळी तोंडावर थापली जाते. गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या काट्यावर रांगेत इंजिन चालू ठेवून तासन्‌तास पुढे सरकणे, यार्डात लिलाव होईपर्यंत गाडी घुरघुरत ठेवणे, हेच अनेक निरोगी इंजिनांच्या कॅटचे मरण आहे. पाच मिनिटांवर थांबायचे असेल तर बंद करा. अशा धंद्यातली गाडी आठवड्यातून एकदा तरी भरलेली, पुणे किंवा हैदराबाद रोडवर अर्धा-पाऊण तास सलग ओढवा.

इंजिन ऑइलमध्ये पुस्तिकेत मान्य असेल तर सीके-४ दर्जाचे घ्या. त्यात राखेवर एक टक्क्याची आणि फॉस्फरसवर ०.१२ टक्क्याची मर्यादा आहे, जुन्या सीआय-४ ला अशी मर्यादा नाही. सुटे, बिनडब्याचे ऑइल नको.

साफ करायचा, बदलायचा, की पोकळ

फक्त कोरडी काजळी असेल तर साफसफाई जमते. मागच्या तोंडाकडून, म्हणजे धुराच्या उलट दिशेने, २ ते ३ बारची हवा हातभर अंतरावरून मारा. तोंडाला मास्क बांधा. नोझल टेकवून ८ बारने मारले की नळ्यांच्या भिंती फुटतात. ओली राड असेल तर गरम पाणी आणि साध्या डिटर्जंटमध्ये काही तास भिजवून स्वच्छ पाण्याने धुवा आणि दोन दिवस पूर्ण वाळवा. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हात एक दिवसही पुरतो. ॲसिड नको, ते थरच खरवडते. रॉकेल ओतून पेटवण्याचा प्रकार तर कुठेही करू नका: जाळी तडकते आणि माणूसही भाजतो. धुतल्याने वाट मोकळी होते, मेलेला थर जिवंत होत नाही. वितळलेल्या, फुटलेल्या आणि राखेने दगड झालेल्या जाळीला धुण्याचा उपयोग नाही.

जाळी काढून डबा पोकळ करून देणारे भेटतील. जाळीतल्या प्लॅटिनमला भाव आहे, तेव्हा ‘फुकटात काढून देतो’ म्हणणाऱ्याला त्यातून काय मिळते ते ओळखा. गाडीची मूळ रचना बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते. प्रदूषणासाठी कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, लायसन्सही तीन महिने जाते.

बाजारातला ‘सर्व गाड्यांना चालणारा’ कॅट घेताना पाइपचा व्यास जुळला एवढ्यावर समाधान मानू नका. जाळीची लांबी-रुंदी जुन्याइतकी हवी आणि तो डिझेलचा हवा. पेट्रोलचा डबा दिसायला तसाच असतो. लावताना बाण धुराच्या दिशेने, गॅस्केट नवी, हँगरचे रबर नवे, हीट शील्ड परत जागेवर. टर्बोनंतरच्या सांध्यांना सिलिकॉन लावू नका, ते जळून जाळीच्या थरावर जाऊन बसते. बदलल्यावर जुना डबा मागून घ्या.

सीएनजी गाडी असेल तर

तिथे मारेकरी वेगळा: मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस न पेटणे. न जळालेला गॅस कॅटमध्ये पेटून जाळी वितळते, म्हणून पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही, हा कोड आला की आधी प्लग, कॉइल आणि प्लगची गॅप. मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज पुढच्यासारखाच भराभर वरखाली होत असेल तर थर गेला, जवळपास स्थिर असेल तर कॅट काम करतो आहे. सेन्सरच्या आधी कुठे धूर गळत असेल तर हे वाचन खोटे ठरते, तेव्हा ती गळती पहिली बुजवा.

नवा डबा बसल्यावर

लेव्हल नळीने पहिल्याच दिवशी आयडल आणि पूर्ण रेसचे माप घ्या, आकडा आणि किलोमीटर केबिनच्या दाराच्या आत मार्करने लिहा. तेच माप ५०० किलोमीटरला आणि मग दर ५,००० ला. पूर्ण रेसचा आकडा ३० वरून ३५ झाला तर चालू द्या. पहिल्या ५,००० मध्येच ३० चा ५० झाला तर डब्याकडे न बघता टर्बोचा परतीचा पाइप, इंजेक्टर आणि ईजीआर याच क्रमाने पुन्हा उघडा.